मागचा ॲक्सल ग्राहकाने स्वतः मिळवावा

आबा, गाडीच्या मागच्या बाजूला तुम्ही नेमकं काय बसवलं होतं, एवढंच मला विचारायचं होतं. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या काळात विचारण्यासारखं पुष्कळ साठलं आणि त्यातलं बरंचसं आपोआप निवळूनही गेलं. हे मात्र निवळत नव्हतं. महिनाभर मी दर शनिवारी संगमनेरहून देवळालीला यायचे, तुमचा जुना सदरा अंगावर चढवायचे, शेडमधल्या त्या दोनच माणसं बसतील एवढ्या लाल गाडीखाली पाठीवर सरकत जायचे आणि टॉर्च लावून गंजलेल्या लोखंडाकडे बघत पडायचे. कॉलेजच्या ग्रंथालयात चाळीस हजार पुस्तकं आहेत आणि त्यातलं कुठलंही मी दोन मिनिटांत काढून देते. तुमच्या एका गाडीचा एक ॲक्सल, चाकांचा आस, मला ओळखता येत नव्हता.

आधी कारण सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरीला हौस आली. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलायच्या आहेत. डॉक्टरांनी तारीख दिली आणि सांगितलं की नंतर जमिनीवर किंवा फार खाली बसायचं नाही, कायमचं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आई कठड्याला धरून थांबली आणि म्हणाली, "मग त्याच्या आदी मला त्या गाडीत बसव." मला वाटलं, रिक्षाबद्दल बोलते आहे. "रिक्षा न्हाई गं. तुझ्या बापाची. दर साली चौदा एप्रिलच्या आत गाडी जोडून उभी करतो म्हनायचा. किती चौदा एप्रिल गेल्या. आता गुडघं वाकत्यात तवर बसून घेते." त्या गाडीची सीट जमिनीपासून वीतभर उंच असेल नसेल. म्हणजे ऑपरेशनच्या आधी, नाहीतर कधीच नाही. गाडीला कागद नाहीत, तेव्हा डांबरी रस्त्यावर न्यायचा प्रश्न नव्हता. शेडपासून उसाच्या कडेने विहिरीपर्यंतचा आपला रस्ता, तेवढाच. राहुरीच्या मेकॅनिकने इंजिन दोन दिवसांत चालू केलं. पुढची चाकं धड निघाली. मागच्या दोन डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या लोखंडी चकत्या, गंजून पापडासारख्या झालेल्या. त्या नव्या घ्यायच्या, बस. मला वाटलं एका फेरीचं काम आहे.

संगमनेरात नाशिक रोडच्या बाजूला एक डिस्कवाला आहे. त्याने विचारलं, "गाडी कोणती, मॅडम?" मी म्हटलं, "कोणतीच नाही. वडिलांनी बनवलेली आहे." तो माझ्याकडे बघतच राहिला. "मग मागचा ॲक्सल कशाचा टाकलाय ते सांगा. त्यावर बोल्टचं वर्तुळ ठरतं, त्यावर डिस्क. आणि नीट बघून सांगा, गेलेला माल परत घेत नाही." मी जुनी डिस्क पिशवीतून काढून दाखवली. तो हसला. तिच्यात पाच भोकांच्या जागी दहा होती, त्यातली काही कानशीने घासून लांबुळकी केलेली. "मॅडम, ही डिस्क आहे का झारा?" ती भोकं तुम्हीच पाडलीत, बसेल तशी बसवायला.

पुण्याहून ट्रकने सुट्या भागांत आलेल्या, घरीच जोडायच्या त्या किटची यादी माझ्याकडे फाईलला आहे. फायबरची बॉडी एक, पाइपची फ्रेम एक, सीटा दोन, काच एक, असं करत करत टाइप केलेली शेवटची ओळ येते : मागचा ॲक्सल ग्राहकाने स्वतः मिळवावा. तुम्ही तो मिळवलात, हे तर दिसतंच आहे. कुठून, याची कुठे एक ओळ नाही. तुमच्या खोक्यांत कारखान्याचे हजेरीपास आहेत, बसची तिकिटं आहेत, शिवणयंत्राचं गॅरंटीकार्ड आहे. गाडीचं काही नाही. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते आणि शेडमधल्या प्रत्येक भागाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती : हे काय, कुठून आलं, कुठे बसायचं. दोन दिवस खपले. तुम्ही दुसऱ्या पाळीवरून आलात, डबा खाली ठेवलात, चिठ्ठ्या पाहिल्यात आणि म्हणालात, "किराना दुकान हाय का हे? माझ्या डोक्यात हाय समदं." मग एक एक तोडून स्वयंपाकघरात नेल्यात आणि चुलीत घातल्यात. मी भाकरीच्या ताटासमोर बसून ते बघते आहे, आई तव्यावरची भाकरी उलटते आहे. डोक्यात होतं सगळं, आबा. मान्य. पण ते डोकं तुम्ही बरोबर घेऊन गेलात. हे लिहिताना मी तुमच्यावर अन्याय करते आहे का, असं थांबून स्वतःला विचारलं. नाही करत.

मग मी माणसं गाठली. कारखान्यात तुमच्या शेजारच्या लेथवर काम करणारे टर्नरकाका अजून आहेत, कानाने कमी पण बाकी खणखणीत. ते म्हणाले, "जीपचं हाय ते. म्याच दिलं, श्रीरामपूरच्या भंगारातून. मी काय इसरन व्हय?" खात्री कशी करायची, विचारलं. "डाव्या अंगाचं नट उलट्या आट्याचं असलं तर गप जीप म्हनायचं. जुन्या जीपला तसंच असतंय." दुसऱ्या दिवशी दूधसंघाच्या मॅटाडोर टेम्पोवर असलेल्या ड्रायव्हरमामांकडे गेले. ते बाजेवर पडल्या पडल्याच म्हणाले, "मॅटाडोरचं. तुझ्या बापानं माझ्या म्होरं बसिवलं. जीप कोन म्हनलं? त्यो टर्नर? त्याला सोताच्या पोरांची नावं आठवंनात आता." दोन साक्षीदार, दोघंही शपथेवर, दोघांचं म्हणणं वेगळं. अशा वेळी ग्रंथपाल काय करतो? माणसांचं ऐकत नाही, वस्तू बघतो.

मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही पेन दिलं नाहीत, घड्याळ दिलं नाहीत, स्वतःचा मोजमापाचा व्हर्निअर दिलात. मी विचारलं, पुस्तकं मोजू का याने? तुम्ही म्हणालात, "मापात चूक झाली तर हत्याराला नाव ठिवायचं न्हाई." तो व्हर्निअर घेऊन मी गाडीच्या डाव्या बाजूला बसले. पान्याने नट नेहमीसारखे फिरवले, हलेनात. उलटे फिरवले आणि सुटले. उलटे आटे. टर्नरकाका बरोबर. पाच बोल्ट. पाचांत समोरासमोर बोल्ट येत नाहीत, म्हणून डिस्कवाल्याने शिकवलेलं होतं तसं शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं : ब्याऐंशी मिलिमीटर. त्याला एक पूर्णांक सात दशांशाने गुणलं की साडेपाच इंचाचं वर्तुळ. डिस्कवाला फोनवर म्हणाला, "हां, जीपचंच माप." माझा विश्वास बसला तरी मी पुन्हा मोजलं. पुढच्या शनिवारी तिसऱ्यांदा मोजलं. तिन्ही मापं तारखेसह वहीत लिहिली आणि मगच दोन डिस्क मागवल्या.

त्या आल्या, टायर चढवून घेतले. ऑपरेशनला नऊ दिवस होते. डावीकडची अशी बसली की मला तुमच्या लेथवरच्या कामाची आठवण झाली. उजवीकडे घेऊन गेले, तर बसेना. भोकं बोल्टांच्या बाहेरून जात होती, बोटभर. आधी वाटलं, डिस्क चुकीची आली. मग व्हर्निअर लावला. उजवीकडचं वर्तुळच लहान. नटांचे आटे सुद्धा सरळ. मी तीनदा मोजलं होतं, आणि तिन्ही वेळा डावीकडेच. एका पुस्तकाच्या दोन प्रती सारख्याच असणार, असं धरून चालले. तुमच्या बाबतीत.

मी किती चिडले ते सांगत नाही. टर्नरकाकांना फोन लावला तर ते म्हणाले, "त्यात काय. कानस घे अन् भोकं वाढव, तुझ्या बापानं तेच केलतं." आईला त्या चाकावर बसवू? मी फोन ठेवला, ओट्याशी जाऊन पाणी प्यायले आणि आईला सांगितलं की बहुतेक जमणार नाही, उजवीकडे कशाचं काय लावलंय ते देवाला ठाऊक. आई गवार मोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "उजवीकडं मॅटाडोरचं हाय."

मी म्हटलं, "तुला कसं माहीत?"

"जीपचा उजवा हब, चाक ज्याच्यावर बसतंय त्यो, फुटका निघाला. मग ड्रायव्हरभाऊजींनी त्यांचा दिला. त्यो माझ्या परातीत रॉकेलमदी आठ दिस पडून हुता. मी कनिक कशात मळली असंल ते इचार. मग तुझ्या बापानं लेथवर आतनं वाढवून बसिवला. दोघान्ला बी सांगितलं, तुमचंच टाकलंय म्हनून. आन् ते खरं बी हुतं."

"मग तू बोलली का नाहीस महिनाभर?"

"तू समद्या गावाला इचारलंस. मला कुठं इचारलंस?"

महिनाभर ती मला गाडीखालून बाहेर येताना बघत होती, सदऱ्याचे डाग धुऊन देत होती, आणि तिला काही माहीत असेल असं माझ्या एकदाही मनात आलं नाही. हा दोष मला तुमच्यावर ढकलायचा होता. बराच वेळ प्रयत्न केला, पण ढकलला जात नाही.

डिस्कवाल्याकडे जाऊन सांगितलं, एकच डिस्क हवी, मॅटाडोरच्या मापाची. तो म्हणाला, "मॅडम, आता पुढच्या दोन चाकांबद्दल काही सांगू नका." ती डिस्क ऑपरेशनच्या चार दिवस आधी आली. बोल्टांचं माप जमलं, चाक मात्र बाहेरच्या बाजूला थोडं जास्त निघालं आहे. मागून पाहिलं तर गाडी एका पायावर भार देऊन उभी असल्यासारखी दिसते. ते मी तसंच राहू दिलं.

रविवारी सकाळी आईला बसवलं. आधी पाठ टेकवली, मग एक पाय आत, मग दुसरा. ती बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "लईच खाली हाय गं. रस्ता डोळ्याला लागतोय." विहिरीपर्यंत गेलो, वळवायला जागा नव्हती म्हणून उलट घेत आलो. वाटेत उसाची पानं आत येऊन लागत होती, ती आई हाताने बाजूला करत राहिली. परत आल्यावर उठता येईना. मी एकटी काढू शकेना, शेजारच्या दोन बायकांना बोलावून आणलं. तोपर्यंत ती सीटवर बसून चहा मागत होती, आणि बशीतून प्यायली तो गाडीतच.

ऑपरेशन नीट झालं. काल ती वॉकर धरून दारापर्यंत आली. तिने तुम्हाला काही निरोप दिलेला नाही. मी विचारलं होतं.

हे कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचे नाहीत, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, तिलाही सांगितलेली नाही. त्या रविवारी आईला घरात नेऊन बाजेवर टेकवल्यावर मी गाडी आत लावून येते म्हणून बाहेर आले, आणि आत लावली नाही. एकटीच पुन्हा विहिरीपर्यंत गेले, या वेळी जरा जोरात.