नागिणीला तोंड नसतं

पेण, १० मार्च २०२५

चि. सौ. मनालीस,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून निलेशजवळ पत्र देते. भाऊच तुझा, फोडून वाचणार हे धरून चाल.

माझ्या कमरेवर नागीण उठली आहे. पदर लागला तरी आग होते. नागीण उतरवणाऱ्या विठूने गेरूची रेघ ओढून तिची वाट अडवली आहे. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस राहत नाही, म्हणून रोज सकाळी तुझ्या बाबांना बघायला लावते. ते न बघताच नाय जुळली, नाय जुळली म्हणतात आणि मिठागरावर जातात.

नागीण एकाची दुसऱ्याला होत नाही. तेव्हा ठरल्याप्रमाणे रविवारी बाळंतपणाला ये. बाळाला पहिलं तेल माझ्या हाताचं लागलं पाहिजे. जावईबापूंना आशीर्वाद सांग.

तुझी वाट बघणारी,
आई

रोहा, १२ मार्च २०२५

ती. सौ. आईस,

सा. न. वि. वि. शाळेत मुलांना शिकवते तसं तुला शिकवते आहे, रागावू नकोस. नागिणीला तोंड नसतं, शेपूटही नसतं. लहानपणी तुला कांजिण्या आल्या होत्या, त्याच विषाणूचं हे काम. कांजिण्या बऱ्या झाल्या, पण तो कण्याजवळच्या नसांत गप्प बसून राहिला. आता अंगातली ताकद घटली, तसा एका नसेच्या वाटेने कातडीवर आला.

हा विषाणू खात नाही, श्वास घेत नाही, एकटा वाढतही नाही. तो आपल्या शरीरातल्या बारीक पेशीला चिकटतो, आत शिरतो आणि तिचंच सामान वापरून तिच्याकडून स्वतःसारखे ढीगभर विषाणू करवून घेतो. परक्याने आपल्या चुलीवर आपल्याच तांदळाचा भात रांधून घ्यावा, तसं. मग पेशी मरते आणि ते पुढच्या पेशींत शिरतात.

एकाची नागीण दुसऱ्याला होत नाही हे खरं. पण ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत, त्याला फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होतात. डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं. मला त्या कधी आलेल्याच नाहीत. आता आल्या तर बाळाच्या जिवावर बेतेल. सगळे फोड सुकून खपल्या धरेपर्यंत मी येत नाही आणि तूही येऊ नकोस, बाळ आधी आलं तरी. हे वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं गो आई.

निलेशला कांजिण्या आल्या होत्या, मग मला कशा नाहीत? गेरू धुऊन टाक आणि लगेच डॉक्टरांकडे जा. बाबांना नमस्कार.

तुझ्या मायेची भुकेली,
मनाली

पेण, २१ मार्च २०२५

चि. सौ. मनालीस आणि चिमुरडीस,

उदंड आशीर्वाद. निलेशने फोटो दाखवला. नाक आपल्या घरचं आहे. तोंड नाही, पोट नाही, तरी तुझा तो विषाणू मला लेकीच्या बाळंतपणापासून तोडतो, याचा मला फार राग आला.

खरं सांगते, काल पिशवी भरून स्टँडवर गेले. रोह्याच्या गाडीत बसलेसुद्धा. बसता बसता कमरेला हात लागला, दोन फोड अजून ओले होते. मी उतरले. आळीतल्या बायका म्हणतात, कसली गो आई ही, नात झाली तरी जात नाय.

तू विचारलंस ते सांगते. निलेशला कांजिण्या आल्या तेव्हा तू तीन वर्षांची, अगदी मरतुकडी. तुझा निभाव लागणार नाही या भीतीने मी तुला कोलाडला मावशीकडे ठेवलं. तू गळ्याला मिठी मारलीस, ती मी सोडवली आणि चालू लागले. तू ओरडत होतीस, पण मागे वळून बघितलं असतं तर उचलून आणलं असतं, म्हणून बघितलं नाही. सगळे मला दगड म्हणाले.

आता तू मला लांब ठेवलं आहेस. तुझ्या पोरीसाठी अशीच दगड राहा. मी रडले तरी बोलावू नकोस.

लोभ आहेच, तो आता दोघींत वाटून घ्या.

तुझी,
आई