पंढरी यांच्या व्हॅनच्या डाव्या चाकाबाबत

दिनांक: ११ जुलै २०२५

प्रति,
मा. मोटार वाहन निरीक्षक,
परिवहन विभाग, जिल्हा पालघर.

अर्जदार: सौ. दीपिका अक्षय भिसे, बी.कॉम., रा. कुंभवली, ता. पालघर.

विषय: शाळेच्या व्हॅनचा झिजलेला बॉल जॉइंट बदलल्याचे भासवले गेल्याच्या संशयावरून सदर व्हॅन जॅकवर उचलून तपासण्याबाबत.

संदर्भ: १) पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दि. २६ जून रोजी झालेला ठराव.
२) वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना बॉल जॉइंट (अर्जदाराच्या ताब्यात).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, अर्जदाराची मुलगी कु. स्वरा, वय पाच वर्षे, ही दांडी येथील श्री. पंढरी यांच्या व्हॅनने शाळेत जाते. व्हॅनमध्ये एकूण नऊ मुले असतात. रस्ता कारखान्यांच्या मधून जातो व त्यावरून रसायनांचे टँकर चालतात. पावसात तेथे खड्डा कोणता आणि रस्ता कोणता हे टँकरवाल्यांनाही कळत नाही.

२. अर्जदार रोज घराच्या गेटच्या आत उभी राहून समोरून येणाऱ्या व्हॅनची वाट पाहते. शाळा सुरू झाल्यापासून, गतिरोधकावरून व्हॅन उतरताना व वळताना तिच्या डाव्या बाजूने 'कट्-कट्' असा आवाज येत असल्याचे अर्जदाराच्या लक्षात आले. हा आवाज मोबाइलवर तेवीस वेळा ध्वनिमुद्रित केलेला आहे. याबाबत पंढरी यांना विचारले असता ते म्हणाले, "ताई, गाडी हाय, ती बोलनारच. ज्या दिवशी गप बसंल त्या दिवशी घाबरा." नऊ मुलांची जबाबदारी असलेल्या इसमाने असा विनोद करावा, हीच अर्जदाराच्या संशयाची सुरुवात होय.

३. अर्जदाराने माहिती काढली. चाक ज्या खालच्या आर्मला जोडलेले असते, तेथे माणसाच्या खुब्यासारखी एक गोळी वाटीत बसवलेली असते, तोच बॉल जॉइंट. तो झिजला की आधी आवाज येतो आणि मग एके दिवशी गोळी वाटीतून निसटते व चाक आडवे पडते. ही माहिती ग्रुपवर टाकताच मातांनी ठराव केला की डावा बॉल जॉइंट बदलल्याशिवाय मुले व्हॅनमध्ये बसणार नाहीत. शनिवार दि. २८ जून रोजी पंढरी यांनी व्हॅन मेहुल मिस्त्री यांच्या गॅरेजमध्ये नेली. बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, अशी गॅरेजची रीत आहे. त्याप्रमाणे पंढरी यांनी तो कागदात गुंडाळून आणला व म्हणाले, "घ्या ताई. देव्हाऱ्यात ठेवा." अर्जदाराने तो स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर ठेवला. त्यावर अर्जदाराच्या सासूबाई श्रीमती इंदुबाई यांनी "शनिवारचं लोखंड घरात आणतेस, कुठली बुद्धी गं ही?" अशी हरकत घेतली. ती हरकत बाजूला ठेवण्यात आली.

४. येथून पुढील मजकूर कृपया बारकाईने वाचावा. झिजलेला बॉल जॉइंट हाताने खुळखुळतो. अर्जदारास दिलेला बॉल जॉइंट हलतच नाही. सासरे श्री. नागोराव यांनी परभणीस वीस वर्षे ट्रॅक्टर चालवला आहे. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला व मत दिले, "ह्यो तर माझ्या गुडघ्यापरीस धड हाय." असे असल्यास हा भाग त्या व्हॅनचा नाहीच, दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीचा उचलून मातांच्या तोंडावर फेकला, असा निष्कर्ष निघतो. शिवाय सोमवारी व्हॅन आली ती 'कट्-कट्' करीतच आली, डाव्याच बाजूने.

५. अर्जदार स्वराला स्कूटरवर पुढे उभी करून, रेनकोट घालून गॅरेजमध्ये गेली. मेहुल मिस्त्री गाडीखालून बाहेर न येताच म्हणाले, "मॅडम, वो तो अच्छाच था. पंढरी बोला लेफ्ट का बदल दो, बदल दिया. गिऱ्हाईक बोलता है तो करना पडता है." चांगला भाग बदलल्याची ही स्पष्ट कबुली आहे. चांगला भाग कोण बदलतो, महोदय? ज्याला वाईट भाग लपवायचा असतो तोच.

६. दि. ३ जुलै रोजी भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या व्हॅनच्या मागे अर्जदारास नेऊन पंढरी म्हणाले, "ही घ्या तुमची डावी बाजू, घाला डोकं." अर्जदाराने त्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी खाली बसून टॉर्च लावून पाहिले. आत नवा, ग्रीस लावलेला बॉल जॉइंट दिसला. तथापि जुन्यावर ग्रीस चोपडले की तोही नवा दिसतो, त्यामुळे अर्जदाराचे समाधान झाले नाही. तिने त्यावर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका लावला, जेणेकरून नंतर अदलाबदल झाल्यास कळावे. ठिपका रोज सकाळी पाहिला जातो. तो जागेवर आहे आणि आवाजही जागेवर आहे. पंढरी म्हणाले, "ताई, तुमी आरटीओतच भरती व्हा ना." अर्जदाराचे पती श्री. अक्षय हे पाळीवरून येऊन "तू आधी झोप काढ" एवढेच सांगतात. अर्जदारास झोप लागत नाही, याचीही नोंद घ्यावी.

७. खबरदारी म्हणून अर्जदाराने दि. ७ जुलैपासून स्वराची जागा बदलली आहे. ती पूर्वी दारापाशी, डाव्या बाजूस बसत असे. आता ती ड्रायव्हरच्या मागे बसते. तेथे बसणारा चि. धीरज हा दारापाशी बसू लागला आहे. त्याला खिडकी आवडते असे अर्जदाराने सांगितले. जागा का बदलली, हे धीरजची आई सौ. दीपा यांना सांगितलेले नाही. ही गोष्ट लिहिण्याची गरज नव्हती, पण अर्ज खरा असावा म्हणून लिहिली आहे.

तरी महोदयांस विनंती की:
(१) पंढरी यांच्यावर फसवणुकीबद्दल कारवाई व्हावी.
(२) मेहुल मिस्त्री यांचा लेखी जबाब घ्यावा.
(३) सोमवारी शाळा भरण्यापूर्वी व्हॅनचे डावे पुढचे चाक जॅकवर उचलून, हाताने हलवून पाहावे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी व तोवर गेटवर उभी असलेली,

सौ. दीपिका अक्षय भिसे

सोबत: बॉल जॉइंट, नग एक. ध्वनिमुद्रणे, तेवीस. व्हॅनचा हाताने काढलेला नकाशा, एक.

ता. क.

महोदय, दुपारचे बारा वाजून पाच मिनिटे झाली आहेत. वरील नकाशा आत्ताच काढून झाला. अर्जदाराने व्हॅन जशी रोज दिसते तशी, समोरून काढली आणि आवाजाच्या जागी, कागदाच्या डाव्या बाजूला, लाल फुली मारली. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी कागद पाहिला आणि विचारले, "अन् यात तो पंढरी कुठं बसतो गं?"

अर्जदार स्टिअरिंग काढायला गेली. ते लाल फुलीवरच आले.

समोर उभे राहिलेल्याचा डावा हात म्हणजे व्हॅनचा उजवा. अर्जदाराने पंधरा दिवस सर्वांना 'डावीकडे' सांगितले आणि सर्वांनी तिचे ऐकले. पंढरीदादांनी सांगितलेलीच बाजू दाखवली. मेहुल मिस्त्रींनी सांगितलेलाच बॉल जॉइंट काढला, तो धडच होता आणि त्यांनी तसे तोंडावर सांगितलेही. झिजलेला अजून ड्रायव्हरच्या बाजूला आहे. त्याच्या मागच्या सीटवर स्वरा बसते. तिथे तिला अर्जदाराने बसवले, म्हणजे मी.

पंढरीदादा फोन उचलत नाहीत, गाडी चालवताना ते कधीच उचलत नाहीत. शाळेत दमयंती मॅडमना फोन लागला. साडेबाराला मुलांना न्यायला व्हॅन आली की थांबवून ठेवते, एकाही मुलाला बसू देणार नाही, असे त्या म्हणाल्या. मेहुल मिस्त्री जॅक घेऊन शाळेकडे निघाले आहेत. "अभी बराबर बताओ मॅडम, कौनसा साइड?" असे त्यांनी दोनदा विचारले. मी "ड्रायव्हरची" असे दोनदा सांगितले. मी स्कूटरवर निघते आहे. दीपाताईंना जाताना हाक मारून सोबत घेते. जागेची गोष्ट त्यांना मीच सांगेन.

मागणी क्र. १ व २ रद्द समजाव्यात. क्र. ३ मध्ये 'डावे' खोडून 'ड्रायव्हरच्या बाजूचे' असे वाचावे. मिस्त्रींचे काम झाल्यावरही आपल्या माणसाने एकदा चाक हलवून पाहावे, ही विनंती कायम आहे. घाईत येथे सही राहिली, वरचीच धरावी.