साखळीवरचे कपडे

२ नोव्हेंबर, रविवार

पोचलो एकदाचा. ही वही ताईने दिली. म्हणाली, दर नोकरीतून का पळतोस ते निदान लिहून तरी ठेव. शेजारून दाजी म्हणाले, हा महिनाभर टिकला तर मी मिशी काढीन. दाजी, वस्तऱ्याला धार लावून ठेवा.

खोली झकास आहे. ओळीतलं शेवटचं घर, खिडकीला अख्खी काच, पलंग माझ्या एकट्याचा. घर कंपनीचं, त्यामुळे इथे राहणाऱ्या काका-काकूंना मला नाही म्हणता आलं नाही. काकांनी खाणीत जन्म काढला आणि आता पेन्शन म्हणून खोकतात. काकू बोलतात कमी, वाढतात जास्त. पोटाला तडस लागेपर्यंत जेवलो. ह्या गावाला नावं ठेवणारे लोक उपाशी असणार.

३ नोव्हेंबर, सोमवार

काम असं आहे. खाणीच्या तोंडाशी कपडे बदलायचा हॉल. भिंतीला खुंट्या नाहीत, छतापासून साखळ्या सोडल्यात, प्रत्येकीला आकडा. कामगार यायचा, घरचे कपडे आकड्याला अडकवायचा, साखळी ओढून पार छताला न्यायचा, खाली कुलूप घालायचा आणि कळकट कपडे चढवून खाणीत उतरायचा. परत आला की अंघोळ, मग साखळी खाली. वर काजळी पोचत नाही. ह्या लोकांना सुचलेली ही एकच शहाणपणाची गोष्ट.

उन्हाळ्यात खाली आग लागली. ती विझावी म्हणून कंपनीने खाणीचं तोंड सिमेंटने बुजवलं. आत चाळीसेक माणसं होती. कंपनी म्हणते, ती आधीच मेली होती. गाववाले म्हणतात, सिमेंट ओतताना आतून पाइपावर ठोकल्याचं ऐकू येत होतं. तेव्हापासून संप. बायका फाटकाशी बसून असतात. मागणी एकच, तोंड उघडा. आणि त्या चाळीस जणांचे कपडे अजून छताला. कपडे वर आहेत तोवर माणूस पाळीवर आहे, घरी यायचा आहे, असं ह्यांचं शास्त्र. शाळा मीही सोडली, पण इतकी नाही.

मॅनेजर टाय असा आवळतो की चेहऱ्याचं वांगं होतं. त्याला हॉल पाडायचाय. कपडे गेले की बायकाही उठतील, म्हणाला. इथला एकही माणूस साखळीला हात लावायला तयार नाही, म्हणून मला आणलं. शनिवारपर्यंत हॉल रिकामा झाला तर नोकरी कायम. चिंध्या उतरवायची कायम नोकरी. दाजी, ऐकताय ना?

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज सुरुवात केली. मान वर केली की माणसाविना माणसं लटकलेली दिसतात, बाह्या खाली, पाय हवेत. मला हसू आलं. कुलूप कटरने तोडायचं, साखळी सोडायची, धप्पकन कपडे खाली. मग पोत्यात. खिशात काय तर कंगवा, अर्धा बिस्किटपुडा, पोरीचा रिबिनीचा तुकडा. हीच ह्यांची इस्टेट, आणि ह्यासाठी कंपनीशी भांडतायत. एकाचे बूट बरे होते. मला नेमके बसले. घालून घरी आलो.

काकांनी बूट पाहिले आणि खोकायचे थांबले. मग म्हणाले, दुसऱ्याची साखळी उतरवायची नसते पोरा. ज्याची उतरवली तो वर येत नाही, आणि उतरवणाऱ्याला त्याची पाळी करावी लागते. मी म्हटलं, मग आज माझ्या बारा पाळ्या झाल्या, ओव्हरटाइम कुणाकडे मागू? काकूंनी ताट उचललं. मी अजून जेवत होतो.

नंतर दारात येऊन एवढंच म्हणाल्या की खिडकीजवळच्या साखळीवर निळा स्वेटर आहे, तेवढा राहू दे. त्यांचा मुलगा. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कुणीतरी मस्करी करतंय. मी खाली सोडलेल्या साखळ्या सकाळी परत छताला गेलेल्या. रिकाम्या. हॉलच्या दाराचं कुलूप माझंच, किल्ली माझ्याच खिशात. अंघोळीच्या बाजूला फरशी ओली आणि मोरीपाशी काळं पाणी, तेही नळ उन्हाळ्यापासून बंद असताना. संपवाल्यांचे चाळे, दुसरं काय. मोर्चा काढून जमलं नाही, आता भुतं काढतायत. मॅनेजरला सांगितलं तर म्हणाला, घाबरलास का? मी म्हटलं, माझ्या सात पिढ्या घाबरल्या नाहीत. त्यातल्या दोन तर मला माहीतही नाहीत.

खांदे मात्र ठणकतायत. नखांत काळं बसलंय, साबणाने निघत नाही. कोळशाला तर मी हातही लावलेला नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी खाणीचा भोंगा वाजला. काकांना विचारलं, बंद खाणीचा भोंगा कोण वाजवतं? ते म्हणाले, कुणी नाही.

खोलीवर आलो तर दाराशी गरम पाण्याची बादली आणि टॉवेल. मी मागितलं नव्हतं. काकू म्हणाल्या, पाळीवरून आलास ना, अंग धू. अगदी साध्या आवाजात, रोजच्यासारखं. मी म्हटलं, हॉलमधून आलोय, चिंध्या गोळा करून. त्या माझ्या मानेकडे बघत राहिल्या. पाणी ओतलं तर खाली शाईसारखं वाहिलं. तीन बादल्या. तरी काळंच.

येडं गाव आहे. आता मलाही खोकला लागलाय.

८ नोव्हेंबर, शनिवार

झालं काम. सगळ्या साखळ्या. निळा स्वेटर शेवटी. ठेवणार होतो, खरंच, पण मॅनेजर मागे उभा होता, म्हणाला, एक राहिला तरी हॉल भरलेलाच. सोडली साखळी.

स्वेटर गरम होता. उन्हाने नव्हे. अंगातून आत्ताच काढल्यावर असतो तसा.

मॅनेजर पाठ थोपटून गेला. नोकरी कायम. काकूंना सांगावं लागलंच नाही. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मला समोर बसवून विचारलं, दिसला का रे तो तुला, खाली? मी म्हटलं, मी खाली कधी गेलो? काका म्हणाले, जाशील.

९ नोव्हेंबर, रविवार

निघतो. दाजींची मिशी राहू दे जागेवर.

पण ताईने दिलेला लाल चौकड्यांचा शर्ट पिशवीत नाही. पँट नाही. मफलर नाही. काकूंनी हात लावलेला नाही, शपथ घेऊन सांगतात आणि मला ते खरं वाटतं. अंगावर जे आहे ते माझं नाही. जाड, कळकट, गुडघ्याला फाटलेलं. कधी घातलं—

हॉलवर गेलो. सगळ्या साखळ्या रिकाम्या, एक सोडून. खिडकीजवळची. वर लाल शर्ट. मफलर. बाह्या खाली.

खाली कुलूप. कटर लागत नाही. दात बोथट झाले. किल्ली कुणाकडे—

भोंगा वाजतोय.

तारीख कळत नाही

हाताने चाचपून लिहितोय. ओळी एकमेकींवर चढत असतील.

भिंत ओली आहे. माणसं आहेत, बरीच. सरकून जागा दिली. शिव्या घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर बरं. एकाच्या पायात काही नाही. मी बूट काढून दिले तर म्हणाला, असू दे, तुला पाळ्या पुष्कळ आहेत.

एक पोरगा बनियनवर कुडकुडतोय. विचारतो, आई अजून पाणी तापवते का? तापवते म्हटलं.

पाइपावर ठोकतायत. आळीपाळीने. मीही ठोकतो. जोरात— वर बायका आहेत, त्यांना ऐकू जाईल. मीच म्हणत होतो की—

ताई, कपडे वर आहेत तोवर मी पाळीवर आहे. यायचा आहे. फाटकावरच्या बायकांना सांग. मॅनेजरला सांग. कुणी हात लावू नका. लाल शर्ट, खिडकीजवळचा. तेवढा राहू दे—

सगळे ठोकायचे थांबले. ऐकतायत.

वर कटरचा आवाज. नवीन माणूस आणलाय. शीळ घालतोय.

साखळी सुट—