दारातली फरमाइश

बाबा,

एक गंभीर तक्रार आहे आणि ती ऐकायला तुमच्याशिवाय जबाबदार माणूस उरलेला नाही. मे महिना आहे. आपल्या गुढियारी मोहल्ल्यात कुत्रीसुद्धा नालीतून उठत नाहीत आणि मी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसले आहे, कारण या खोलीत कूलर लावायचा नाही. ओल्या हवेनं पियानोच्या पट्ट्या फुगतात, हा तुमचाच कायदा. ज्या बाईसाठी परदेशात लोक उभं राहून टाळ्या वाजवत, ती इथे घामानं निथळते आहे आणि वाद्य मात्र कोरडं ठणठणीत. विकावं म्हटलं तर तेही नाही. रेल्वेच्या क्लबाच्या लिलावातलं हे धूड तुम्ही ठेल्यावर घालून आणलंत, आधी खोलीत ठेवलंत आणि भिंत मागाहून बांधलीत. मागच्या आठवड्यात समता कॉलनीतला एक जण गिऱ्हाईक म्हणून टेप घेऊन आला, दार मोजलं, पियानो मोजला आणि माझ्याकडे दयेनं पाहत म्हणाला, "दीदी, ये तो अब यहीं रहेगा." माझ्याबद्दल काही बोलला नाही, ही त्याची सभ्यता.

मी चौथीत असेन. दिवाळी जवळ आलेली, मोहल्ल्यातल्या बाया सुवा नाचायला आल्या होत्या. मधे टोपलीत मातीचा पोपट, म्हणजे तो सुवा, भोवती गोल फिरत टाळ्या आणि गाणं. त्या पुढच्या घराकडे वळल्या आणि मी आत येऊन तीच चाल उजव्या हातानं शोधत बसले. सापडली! बाया हसत परत फिरल्या, दारात गर्दी. सगळ्यांत पुढे आपली शेजारीण, जिला सगळे आई या अर्थानं दाई म्हणत, आणखी वाजव पोरी म्हणून ओरडत, "अऊ बजा नोनी, अऊ!" मी वाजवते आहे, त्या टाळ्या देत आहेत, आणि तेवढ्यात तुम्ही ड्यूटीवरून येता. बायांना तुम्ही काही म्हणत नाही. सरळ येऊन झाकण आपटता. बोटं मी कशीबशी ओढून घेतली.

"काय करून राहिली?"

"त्यायनं म्हटलं वाजव, म्हणून..."

"कोणी बी म्हटलं का वाजवाचं?"

"काहून नाही?"

त्याचं उत्तर तुम्ही जेवताना दिलंत, ताटाकडे पाहत. "माह्या बापानं गावात लोकायच्या दारात डफडं वाजवलं. लगन त्यायचं, मयत त्यायची. वाजव म्हटलं का वाजवा लागे, वरून भाकर फेकत. तू कोणाच्या म्हणण्यावर वाजवाचं नाही. तू स्टेजवर बसाचं. लोकायनं तिकीट काढाचं अन् गुपचूप आयकाचं."

मी तुमचं ऐकलं. मिशनच्या शाळेतल्या बाईंकडे शिकले, मग कलकत्ता, मग परदेश. दारात कधी वाजवलं नाही. संयोजक कळवायचे, हेच वाजवा, गेल्या वर्षी वाजवलंत तेच लोकांना हवं आहे. मी तेच वाजवायचे. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या गोऱ्या माणसांच्या फरमाइशी पुरवण्यात माझी उमर गेली, फक्त भाकरीऐवजी पुष्पगुच्छ. जेवणानंतर एखादा यजमान म्हणे, तुमच्या गावाकडचं काहीतरी वाजवा ना. माझं लगेच डोकं दुखायचं. तुम्ही आपटलेलं ते झाकण माझ्यासोबत विमानातून फिरत होतं, बाबा. लिहिलेलं नसेल तर माझ्या बोटांना एक सूर सुचत नव्हता.

काल दाई आली. आता तिला दिसत नाही, भिंत चाचपत येते. "पोट्टीचा अभ्यास चालू आहे," असं तुम्ही तिला एकदाच सांगितलं होतं, आणि मी बसले की ती मिरची कांडणं थांबवायची. माझ्या सगळ्या बाळपणभर. मुसळ तसंच उभं, आणि ती बिचारी माझे तेच ते सूर ऐकत बसलेली.

"ओ सुवा ला बजा न, नोनी."

"दाई, सुवा दिवाळीची. आता मे आहे."

"देवारी तक मैं रइहूं का?"

मी म्हटलं, दिवाळीपर्यंत तू राहशीलच, आणि माझी बोटं दुखतात. ती बोळक्या तोंडानं हसली. "तोर बाबू त चल दिस. अब काबर डरावत हस?"

इतक्या मुलाखती दिल्या, पण बाप गेल्यावर आता कशाला भितेस, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

बसले. पहिला सूर चुकला, दुसराही चुकला. कार्यक्रमात असं झालं असतं तर समीक्षकांनी जिवंत सोडलं नसतं. दाईनं हळूहळू टाळी धरली, मग गायला लागली, भलत्याच पट्टीत. मी माझी पट्टी सोडून तिच्या मागे गेले. चाल मिळाली. संपल्यावर ती म्हणाली, "एक पइत अऊ." पुन्हा वाजवली. मग आणखी एकदा. तिच्या थांबलेल्या मुसळाचं मला एवढंच फेडता आलं.

बाबा, तिनं म्हटलं म्हणून मी वाजवलं, दारातल्या बाईसाठी, फुकट. आणि आजोबांची आठवण आली तरी लाज वाटली नाही. तुम्ही गेलात तरी हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी छाती अजून होत नाही. कागद घडी करून इथेच, पियानोच्या झाकणाखाली ठेवते.