बाबांची मॉरिस मी बरोबर ओळखली

१२ जानेवारी
आजपासून नियम. रोज चार तास मॉरिस, बाकी सगळं नंतर. ईस्टरच्या प्रदर्शनात ती उभी राहिलीच पाहिजे. बोर्ड तयार केला: 'आल्बर्ट पेन्रोझ, दूधवाले, यांची पिकअप. मुलगा लिंडसे याने जशीच्या तशी उभी केली.' गाडी अजून ठोकळ्यांवर आहे, पण बोर्ड झाला म्हणजे निम्मं काम झालंच.

१३ जानेवारी
बोर्डाला दुसरा हात दिला. गाडी उद्या.

२ फेब्रुवारी
बायकोने, ग्वेनने, मागच्या वर्षी एकदा विचारलं होतं, ही तुझ्या बाबांचीच कशावरून? हल्ली विचारत नाही. पटलं असणार. लिलावात एकाच गोठ्यात दोन मॉरिस होत्या, कागद उंदरांनी खाल्लेले. मी दोन्हीत बसलो. हिच्यात अंगावर काटा आला, दुसरीत नुसती स्प्रिंग टोचली. बाबांनी गाडी विकली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तरी रक्ताला कळतं. दुसरीही विकत घेऊन तिचे सुटे भाग काढले. उरलेली केबिन कापून शेजारच्या क्लाईव्हला कोंबड्यांसाठी देऊन टाकली. भंगारच होतं.

१५ फेब्रुवारी
क्लाईव्ह हल्ली अंडी घरपोच आणून देतो. मी येतो म्हटलं तर म्हणाला नको, कोंबड्या बुजतात. माझ्या वेळेची कदर आहे त्याला. असा शेजारी मिळायला भाग्य लागतं.

९ मार्च, दुपारी ४.१०
इंजिन सुरू झालं!! आधी खोकलं, मग धूर, मग तो आवाज. सदुसष्टाव्या वर्षी शेडमध्ये एकटा नाचलो. गुडघा दुखावला, दुखेना का. दारात ग्वेन उभी, डोळ्यांत पाणी. धुरामुळे असेल.

२८ मार्च
रंग खरवडला. बाबांची गाडी हिरवी होती. हिच्या हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली करडा. म्हणजे बाबांनी घेतल्या घेतल्या रंगवून घेतली. हौशी माणूस. (आमच्या घराला वीस वर्षं रंग लावला नाही, ते वेगळं.)

१८ एप्रिल, दुपारी
उद्या प्रदर्शन. एल्वाताई बर्नीहून मुद्दाम आली. सत्त्याहत्तर वर्षांची, पण टुणकन गाडीत चढली. वर छताकडे बघितलं आणि विचारलं, पेन्सिलीचं कुठे गेलं? म्हणे बाबा गाई व्यायल्या की तारीख केबिनच्या छताला आतून लिहून ठेवायचे. कागद हरवतो, छत हरवत नाही म्हणायचे. मी म्हटलं, घासण्यात गेलं असेल. छताला आतून मी हातही लावलेला नाही.

"ही आपली नाही रे, लिंडी," ताई म्हणाली.

वय झालंय तिचं. मी आधारासाठी ग्वेनकडे बघितलं, तर ती चहा ठेवायला निघाली. चहा आमच्या हातात होता.

सायंकाळी ५.३०
बॅटरी घेऊन क्लाईव्हच्या खुराड्यात शिरलो. छतभर बाबांचं अक्षर.

क्लाईव्ह मागे येऊन उभा राहिला. गेल्या हिवाळ्यात, ऑगस्टच्या थंडीत, कोंबड्यांना बसायला काठ्या लावताना त्याला दिसलं होतं. लगेच ग्वेनला सांगितलं, आणि तिने त्याला तोंड बंद ठेवायला लावलं. आठ महिने! घरची फितूर, शेजारी फितूर, आणि मी मूर्ख त्याची अंडी खात बसलो. ग्वेनला जाब विचारला.

"तू शेडमध्ये शीळ घालायला लागला होतास, लिंडसे. चाळीस वर्षांत मी ती कधी ऐकली नव्हती. कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

रात्री जेवलो नाही. यापुढे कुणावर विश्वास ठेवणार नाही. त्यात मी स्वतःही आलो. बाबांची गाडी मी माझ्या हाताने कापली. फार रडलो.

१९ एप्रिल
प्रदर्शनाला गेलो नाही. बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवला. क्लाईव्हकडे केबिन परत मागितली. तो म्हणाला, जरूर घेऊन जा, पण दोन कोंबड्या अंड्यांवर बसल्यात, तीन आठवडे थांब. थांबेन म्हटलं. काय करणार?

मग एल्वाताई आणि मी खुराड्यात पेंढ्यावर उताणे पडून वाचत बसलो. मधे मधे घाण होती, ती ताईने रुमालाने पुसली. माझं जन्मसाल सापडलं. बाबांनी सप्टेंबर असा लिहिलाय:

१२ – क्लोव्हर, कालवड. उत्तम.
१३ – मुलगा.
१४ – डेझी, गोऱ्हा. अशक्त, पण जगेल.

तेरा तारखेपुढचं काही पुसलं गेलंय का, म्हणून ताईने बॅटरी अगदी जवळ धरली. पुसलेलं काही नव्हतं.