पडद्याआडची दाद

जोंजू
१४ डिसेंबर, शनिवार

प्रिय सुनबोकताई,

नमस्कार. आधी हात कोरडे कर आणि बस. या दिवसांत तुमच्या वान्दो बेटावर समुद्री शेवाळ वाळवायचं काम ऐन भरात असतं, तुला मान वर करायला फुरसत नसेल, ठाऊक आहे मला. तरी बस. मी मजेत. विद्यापीठात, आमच्या संगीत विभागात, हीटर घरघरतोय, कॉरिडॉरच्या एका टोकाला बासरी, दुसऱ्या टोकाला सारंगी, आणि मधे मी ओरडतेय, "अगं, दारं लावा गं!" माझा घसा ठणठणीत आहे. तसा तो जन्मात कधी बसला नाही.

आता ऐक. सेबोम पहिली आली! तुझी लेक, आमच्या विभागात, गायनात पहिली!

हो, तुला न विचारता अर्ज केला तिने. मैत्रिणीकडे जाते असं तुला सांगून परीक्षेला आली, निकालालाही तशीच आली. हे पाकीट तिच्याच हाती देतेय, उघडायचं नाही असा दम देऊन. समोर उभी असेल बघ. रागवायचं ते नंतर रागव, आधी कसं झालं ते ऐक.

आमची प्रवेशपरीक्षा म्हणजे भला मोठा काळा पडदा. पलीकडे मूल गातं, अलीकडे आम्ही पाच परीक्षक. नाव नाही, चेहरा नाही, नुसता क्रमांक. खोकलासुद्धा गिळायचा. ढोलावर आमचे सोकसर, तेही त्या दिवशी मुक्यानेच ठेका धरतात. आपल्या गाण्याच्या बाईंच्या हाताखाली वाढलेल्या तुझ्यामाझ्यासारख्यांना ही शिक्षाच की! गाणं चाललंय आणि दाद द्यायची नाही. सकाळपासून अठरा मुलं झाली. सगळं घोटलेलं, सगळं जागच्या जागी. मी आपली जेवणाच्या डब्याची वाट बघत होते.

एकोणिसावा क्रमांक. कथागायनातला ताटातुटीचा तुकडा सुरू झाला. आणि मधल्या ओळीत, जिथे कुणी म्हणजे कुणी श्वास घेत नाही, तिथे त्या पोरीने श्वास घेतला. अर्धी मात्रा थांबली. ताई, माझ्या अंगावर सरसरून काटा आला आणि मी ओरडले, "ओल्सिगू!" चांगली खणखणीत दाद, बाईंच्या अंगणात द्यायचो तशी.

चौघांची पेनं थांबली. सोकसरांचा ठेका चुकला, तीस वर्षांत पहिल्यांदा. पोरगी मात्र थांबली नाही, उलट चढली.

नंतर काय तमाशा झाला म्हणून सांगू! विभागप्रमुख लालबुंद. "तुम्हाला कान द्यायला बसवलंय बाई, गळा द्यायला नाही!" सोकसर दारात उभे राहून हसत होते. म्हणाले, "पुढच्या वर्षी यांना तोंडाला पट्टी लावूनच बसवा." चौकशी बसली. माझे गुण धरू नका, असं मी आपण होऊन सांगितलं. तीन वर्षं परीक्षकांच्या यादीतून माझं नाव काढलं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, "राहवलं नाही." उरलेल्या चौघांच्या गुणांवर तुझी लेक पहिली आली. तिच्या यशात माझा वाटा शून्य, आणि हे मी भेटेल त्याला नाचत सांगतेय.

काल निकाल लागला तेव्हा तिच्या अर्जावर आईचं नाव वाचलं, तुझं. मग ती ऑफिसात आली, वाळवलेल्या शेवाळाची चळत हातात घेऊन. म्हणाली, "त्या दिवशी ओरडल्या त्या कोण?"

"मीच ती. तिथे श्वास घ्यायला तुला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही. आई शेवाळ वाळत घालताना गाते. पंपाच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही असं तिला वाटतं."

मग खाली बघून म्हणाली, "बुधवारपर्यंत नाव नोंदवायचंय. पण आई हो म्हणेपर्यंत मी नोंदवणार नाही. ती म्हणते, आपल्या घरातला गळा पडका आहे, स्पर्धेत सगळ्यांनी बघितलंय."

मी बाथरूममध्ये गेले, नळ मोठा सोडला आणि ढसाढसा रडले.

त्या स्पर्धेत तुझ्या ढोलावर मी होते. तू तोच श्वास घेतलास, अर्धी मात्रा थांबलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. गाणाऱ्याला तिथे ढोलवाल्याची दाद लागते, तिच्या आधाराने तो पुढच्या ओळीवर चढतो. मी दिली नाही. तुझी पुढची ओळ आलीच नाही. मागाहून मी म्हटलं, माझा घसा बसला होता गं. आणि तू, हरून आलेली, मलाच मधाचं गरम पाणी करून दिलंस.

घसा बसला नव्हता, ताई. त्या सकाळी बाई मला म्हणाल्या होत्या, "जोंगरे, तू कष्टाळू आहेस. गळा सुनबोककडे आहे." मला वाटलं, एकदा तिलाही अडू दे माझ्यावाचून. एकदाच. तू गावी गेलीस ती गेलीसच. पुढच्या वर्षी बक्षीस मला मिळालं, मग ही नोकरी, ही खुर्ची, दारावरची ही पाटी.

तुझा गळा पडका नव्हता. मी पाडलं तुला.

माफ करू नकोस. वाटलं तर माझं तोंडही बघू नकोस. सेबोमला मी शिकवू नये असं वाटलं तर तसं कळव, दुसऱ्या बाई आहेत, चांगल्या आहेत. पण बुधवारच्या आत पोरीला हो म्हण. मार्चमध्ये नव्या मुलांचं गाणं असतं, तेव्हा पडदा नसतो. ये. पुढच्या रांगेत बस. ढोलावर कोण बसणार ते तू ठरव.

परीक्षेत मी दाद दिली ती कुणाला, हे चौकशीत कुणी विचारलं नाही. तुला सांगते. पोरगी कोण, कुठली, मला कुठे माहीत होतं? तो श्वास तुझा होता.

ओल्सिगू, ताई!

घसा कधीच न बसलेली,
जोंगरे