तुमच्या फाईलवरचा कोड

काका, आज तुमची फाईल माझ्या टेबलावर आली. जुने कागद नष्ट करायची यादी आली होती, त्यात तिचा नंबर होता. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. कागद ठराविक वर्षं ठेवायचे आणि मग मशीनमध्ये घालून कापून टाकायचे, आणि त्या यादीखाली रेकॉर्ड प्रमुखाची सही लागते. ती सही आता मी करते. हो, तुमच्या जागेवर मी बसते. खुर्ची बदलली, पाठ मात्र तुमची दुखायची तशीच दुखते. यादीत नावं नसतात, नुसते नंबर असतात, पण तुमचा नंबर मला पाठ आहे. ती एक फाईल बाजूला काढायला लावली आणि दुपारपासून समोर घेऊन बसले आहे. तिच्याबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. तुम्ही होता तोवर जमलं नाही, आणि तुम्ही गेल्यावर, खोटं कशाला बोलू, मला थोडं सुटल्यासारखंच वाटलं होतं.

मी पहिल्यांदा दवाखान्यात कामाला आले तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. तासगावहून सकाळच्या गाडीनं सांगलीत उतरायचं, बी.एस्सी. झालेली, वर कोडिंगचा कोर्स, हातात सर्टिफिकेट. आणि रेकॉर्ड रूममध्ये बघते तर मिश्या पिळलेला एक रिटायर फौजी, खाकी कागदाची कव्हरं घातलेली जाडजूड पुस्तकं पुढ्यात घेऊन बसलेला. तुम्ही फौजेत नर्सिंग असिस्टंट होता, नंतर तिथल्याच दवाखान्याच्या कागदपत्रांवर होता, हे मला नंतर कळलं. घर फलटणकडं, तिथं ऊस, मुलगा, काकी. तुम्ही सांगलीत एका खोलीत एकटे, आणि शनिवारी दुपारी गावाकडं. सगळा दवाखाना तुम्हाला सुभेदार म्हणायचा. मला ते जड वाटलं म्हणून मी काका म्हणाले, आणि तुम्ही म्हणालात, "काका म्हण न्हाईतर मामा म्हण, आठच्या ठोक्याला ये म्हंजे झालं."

काम तुम्ही दोन वाक्यांत सांगितलं. पेशंट घरी गेला की त्याची फाईल आपल्याकडं येते, आणि डॉक्टरनं लिहिलेल्या प्रत्येक निदानाला पुस्तकातला एक कोड लावायचा. पुढं इन्शुरन्सवाले असोत नाहीतर सरकार, कुणी पेशंटला बघत नाही, तो कोड बघतात. रक्तदाबाचा कोड आय टेन. तो इतक्या फायलींवर लागायचा की पुस्तकाचं ते पान कोपऱ्यात काळं झालं होतं. तुम्ही म्हणायचा, "निम्मी सांगली आय टेन हाय पोरी, आन् उरल्याली अजून मोजून घ्यायला आली न्हाई."

दुसऱ्याच आठवड्यात मी तुमच्या शिव्या खाल्ल्या. आमच्या तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार पोटाच्या ऑपरेशनसाठी आलेले. तिन्ही दिवस चार्टवर एकशे साठच्या वरचे आकडे. मी ऐटीत आय टेन ठोकला. तुम्ही फाईल उलटीपालटी केलीत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि मला उभं केलंत. "ह्येला बीपी हाय असं कुठं लिवलंय?" मी म्हटलं, "आवं काका, आकडं बघा की! तीन दिवस सलग." "तू डॉक्टर हायस?" "न्हाई." "मग आकडा वाचून आजार ठरवायचा न्हाई. दौड संपल्यावर जवानाचं बीपी मोजलं तर चढल्यालंच दिसणार. म्हणून काय सारी पलटण आजारी? एकदा कोड लागला की तो माणसाला चिकटतोय, घासून निघत न्हाई." मग तुम्ही दुसरं पान काढून दाखवलंत. नुसतं वाढलेलं रीडिंग, निदान नाही, त्याला कोड वेगळा, आर झिरो थ्री. मला वाटलं, झालं, सुटले. पेन उचललं तर तुम्ही आणखीनच चिडलात. "थांब की! तेवढं लावून गप बसायचं न्हाई. इचारायचं. डोळं मिटून आय टेन लावणारा आन् डोळं मिटून आर झिरो थ्री लावणारा, दोगं बी सारखंच कामचुकार."

इचारायचं म्हणजे पिवळी चिठ्ठी. तिच्यावर काय लिहायचं याचाही तुमचा कायदा होता. ‘पेशंटला बीपी आहे का’ असं विचारायचं नाही, कारण घाईतला डॉक्टर ‘हो’ म्हणून मोकळा होतो. तीन दिवसांचे आकडे लिहायचे आणि खाली एकच ओळ, निदान कृपया स्पष्ट करावे. मग डॉक्टर तपासतील, लिहितील, आणि आपण ते लिहिलेलं वाचू. कितीतरी माणसांचा आजार आपल्याकडं त्या पिवळ्या चिठ्ठीनं पहिल्यांदा कागदावर आला. हर्नियाला आलेला माणूस बीपीची गोळी घेऊन घरी गेला. हे मी आजही सगळ्यांना सांगते आणि सांगताना मला अभिमान वाटतो.

हाडांच्या डॉक्टरांकडं मात्र चिठ्ठी घेऊन जायचं म्हणजे वाघाच्या पिंजऱ्यात हात. "रोज काय हे लावलंय? आता क्लार्क आम्हाला शिकवणार?" असं म्हणून ते चिठ्ठी टेबलावरून भिरकावायचे. तुम्ही ती शांतपणे उचलायचा, परत त्यांच्यापुढं ठेवायचा आणि ताठ उभे राहायचा. "सर, सही पायजे." बस्स. सही होईस्तोवर ढिम्म हलायचं नाही. मी दारातूनच बघायचे. त्या केबिनमध्ये मी एकटी एकदाही गेले नाही, कायम तुम्हाला पुढं केलं.

आणि जेवताना तुम्ही काय खात होता! ज्वारीची भाकरी, खरडा, त्यावर आणखी चिमूटभर मीठ. मी म्हणायचे, "काका, दिवसभर लोकांची बीपी लिहिताय आन् हे काय?" तर म्हणे, "आपलं रक्त मिलिटरीचं हाय, त्येला प्रेशर लागतंयच." मी हसायचे. माझ्या डब्यातली मेथीची भाजी अर्धी तुमच्या झाकणात जायची. घरात माझं कुणी इतकं ऐकून घेत नव्हतं, आणि इतकं कुणी रागावतही नव्हतं.

मग तुम्ही रॅकच्या शिडीवरून पडलात. उजवं मनगट मोडलं, आपल्याच दवाखान्यात प्लेट टाकली, तीन दिवस ॲडमिट. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन आले तर सिस्टर चार्ट भरत होत्या. एकशे सत्तर, एकशे चार. आदल्या दिवशीही तसंच. हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्यामुळं असेल म्हणून सोडून दिलं होतं, लिहिलं काहीच नाही. सिस्टर गेल्यावर तुम्ही मला स्टूल जवळ ओढायला लावलंत. "माजी फाईल तुज्याकडं येणार. आर झिरो थ्री लावून सोडून दे. चिठ्ठी नगं." तुम्ही खिडकीकडं तोंड करून बोलत होता. तुमचं नोकरीचं वय उलटून गेलेलं, दर वर्षी करार नवा व्हायचा तो कागदावर कुठला आजार नाही ना एवढंच बघून. त्यात घरी मुलगा आणि काकी तुम्हाला गावी न्यायला निमित्तच शोधत होते. "बीपी लिवलं ना, दुसऱ्या दिवशी पोरगं जीप घिऊन दारात हुबं ऱ्हाईल. मग काय करू? कट्ट्यावर बसून उसाचं ट्रॅक्टर मोजू?" मी म्हटलं, "बरं काका." तुम्ही मला काही मागताय याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की पुढचं काही सुचलंच नाही.

फाईल आली. मनगटाचा कोड लावला, खाली आर झिरो थ्री. पुस्तकाप्रमाणं एक अक्षर चुकीचं नव्हतं, कुणीही तपासावं. सवयीनं पिवळी चिठ्ठीही लिहून झाली होती. आकडे, खाली ती एक ओळ. ती मी फाडली नाही, पाठवलीही नाही.

त्यानंतर दीड वर्षानं तुम्ही गेलात. शनिवारी गावाकडं जाताना लोणंदला गाडी बदलायला उतरलात आणि तिथंच खाली बसलात. साताऱ्याला नेलं. मेंदूत रक्तस्राव. तुमच्या मुलाचा फोन आला तेव्हा तो रडत नव्हता, तावातावानं बोलत होता. तिथले डॉक्टर विचारत होते, बीपीच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत? आणि हा त्यांना आपल्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड दाखवत होता. "आमच्या आबांला बीपी नव्हतंच, ताई. ह्यो बघा की कागद, कुठंच न्हाई." मी "हो का" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

दहाव्याला मी फलटणला गेले. काकींनी मला आत बोलावून चहा दिला, आणि मी कप उचलला तसं विचारलं, "एवढी वर्सं तुमच्या दवाखान्यात ऱ्हायले, तितं कुणी एकदा बीपी तपासलं न्हाई व्हय?" मी म्हटलं, "काकी, ते ऐकायचेच नाहीत कुणाचं." त्यांनी मान हलवली. खरंच होतं ते, घरात सगळ्यांनाच माहीत. तेव्हापासून मी हेच सांगत आले. नव्या माणसांना शिकवतानासुद्धा तुमचं नाव न घेता सांगते, एका पेशंटनं स्वतःच चिठ्ठी नको म्हणून गळ घातली आणि बघा काय झालं. सगळे हळहळतात. मला कुणी दोष देत नाही.

पण गोष्ट तिथं संपली नव्हती, हे तुम्हाला आणि मला दोघांनाच माहीत आहे. आणि तुम्हालाही अर्धीच.

डिस्चार्जनंतरच्या सोमवारी तुम्ही हात गळ्यात अडकवून कामावर आलात. मी फाईलवर दुसऱ्या फायली ठेवून बसले होते. तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिलात, बसला नाहीत. "पोरी, परवा मी बोललो त्ये इसर. त्यो पेशंट बोलत हुता. चिठ्ठी पाठव. डॉक्टर लिवू दे काय लिवायचं त्ये. गोळी घिऊ, घरी जायाचं झालं तर जाऊ. सारा जलम दुसऱ्याला सांगितलं आन् सोताची पाळी आली तवा पळालो. लय लाज वाटली रात्री." मी तोंड वर न करता म्हटलं, "काका, फाईल तर शनिवारीच बंद करून पाठवली." एकदा बंद झालेली फाईल उघडायला वरून परवानगी लागायची. तुम्ही गळ्यातली पट्टी सरळ केलीत. मग म्हणालात, "मग ऱ्हायलं. माजंच चुकलं." आणि रॅककडं गेलात. आपली फाईल आपण बघायची नाही हा तुमचाच नियम, त्यामुळं तुम्ही तपासायचा प्रश्नच नव्हता. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.

फाईल माझ्या कोपराखाली होती. ती मी त्या दिवशी दुपारी बंद केली, तुम्ही जेवण उरकून हात धुवायला गेलात तेव्हा.

पुढच्या महिन्यात आपल्या खोलीतलं रेकॉर्ड तपासायला वरून माणसं येणार होती आणि मला एकटीला ते झेपलं नसतं. त्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये तुमची चिठ्ठी घेऊन मलाच जावं लागलं असतं, तुम्हाला पुढं करता आलं नसतं. आणि तुम्ही गावाकडं गेला असता तर मी त्या खोलीत एकटी जेवले असते. मला तुम्ही जायला नको होतात, काका. एवढंच होतं. तुम्ही मरावं असं कुणाच्या मनात येईल? मला वाटलं, राहतील अजून वर्षभर, मग बघू.

आज यादीवर सही केली. तुमची फाईल यादीतून वगळता येत नाही, तसा नियम नाही, आणि असता तरी कुठलं कारण लिहिलं असतं? हे पत्र कुठं पाठवायचं नाही, हे लिहायला बसले तेव्हाच ठरलं होतं. काकी अजून आहेत, काका. ऐकू जरा कमी येतं पण बोलतात छान, दिवाळीला त्यांचा फोन येतो आणि त्या दर वेळी विचारतात, ते ऐकायचेच न्हाईत न्हवं का गं? मी दर वेळी म्हणते, हो काकी. हे सगळं त्यांना सांगायला हवं, तुम्हाला नाही. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही पुढचा प्रश्न विचारणार नाही.